संकठा घाट, टांकसाळ आणि गाडीतली सुई

वाराणसीत मराठी माणसाला फार काळ परकं वाटत नाही. मणिकर्णिका ओलांडून नदी उजव्या हाताला ठेवत चालत राहिलं की आधी शिंदे घाट लागतो. त्याला लागून संकठा घाट, मग गंगामहाल आणि त्यापुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. म्हणजे संकठा घाट ग्वाल्हेरकर आणि नागपूरकर यांच्या मध्ये बसलेला आहे. शिंदे घाट १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधवला. बांधकाम इतकं जड झालं की पाया खचला. संकठा घाट त्याआधी काही वर्षं, १८२५ च्या सुमारास, पंडित विश्वंभर दयाल यांच्या पत्नीने पक्का बांधवला असं सांगतात. वर गल्लीत संकठा देवीचं मंदिर आहे. संकट निवारणारी देवी, म्हणून घरात आजारपण आलं, कोर्टकचेरी लागली, मुलगा दूर नोकरीला निघाला की बनारसी बायका इथे येतात. जवळच यमेश्वर आणि यमादित्य. संकट टाळणारी आणि संकटानंतरचा हिशेब पाहणारा, दोघं एकाच मोहल्ल्यात.

या घाटापर्यंत गाडी येत नाही. मैदागिन किंवा गोदौलियाकडे ती सोडून गल्ल्या तुडवत यावं लागतं. तरीही आजचा विषय गाडीचा आहे : इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवणारी सुई, आणि ज्या गाडीत ती नाही तिच्यात ती बाहेरून आणून बसवणं. विषय काशीच्या पोस्टिंगमध्येच का सुचला, ते पुढे वाचलंत की लक्षात येईल.

घाटाच्या पायरीवर पाच मिनिटं बसा. समोर नावा लागलेल्या असतात. बऱ्याच नावांना आता सीएनजी इंजिनं बसली आहेत, खालच्या अंगाला नमो घाटावर त्यासाठी तरंगतं स्टेशनही झालं आहे. पण जुनी डिझेल इंजिनं अजून दिसतात. एकेरी सिलेंडर, हँडल मारून चालू करायचं, आणि थंड ठेवायला गंगेचंच पाणी : एका पाइपाने आत, दुसऱ्याने बाहेर. त्या इंजिनावर ना मीटर ना दिवा. मल्लाह अधूनमधून बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरतो. धार कोमट आहे, जोरात आहे : ठीक. धार बारीक झाली किंवा चटका बसला : आत गाळ किंवा शेवाळ अडकलंय, इंजिन बंद. ही तापमान मोजण्याची सगळ्यात जुनी पद्धत. ती चालते, कारण मल्लाहचा हात इंजिनापासून दोन फुटांवर आहे आणि दिवसातून वीस वेळा तिथे जातो. गाडीत आपण आणि इंजिन यांच्यामध्ये पत्रा आलेला असतो. तिथे हाताच्या जागी दुसरं काहीतरी लागतं.

टांकसाळीतला पारखी

आता थोडं इतिहासात. संकठा घाटाचे दगड बसत होते त्याच दशकात या शहरात एक तरुण इंग्रज आगीचं तापमान मोजायच्या मागे लागला होता. जेम्स प्रिन्सेप. जन्म १७९९ चा. बनारसच्या टांकसाळीत तो १८२० ते १८३० अशी दहा वर्षं होता. काम चांदीचा कस लावण्याचं. कँटोन्मेंटजवळच्या नदेसर भागात ‘मिंट हाउस’ हे नाव अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. पुढे कलकत्त्याला जाऊन १८३७ मध्ये अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा तो हाच, म्हणून आपण त्याला ओळखतो. पण बनारसच्या वर्षांत त्याने शहराचा नकाशा केला, घाटांची चित्रं काढली, तुंबलेलं पाणी काढायला भुयारी नाला बांधवला, आणि भट्टीत किती ताप आहे हे आकड्यात सांगायचा मार्ग शोधला.

टांकसाळीत हा प्रश्न पोटापाण्याचा होता. चांदीचा कस लावताना ती शिशाबरोबर भट्टीत घालतात. शिसं अशुद्ध धातू घेऊन निघून जातं, मागे शुद्ध चांदी उरते. आच कमी पडली तर शिसं पुरतं निघत नाही, जास्त झाली तर चांदीही थोडी उडून जाते. दोन्हीकडे हिशेब चुकतो, आणि टांकसाळीत चुकीचा हिशेब म्हणजे खोटं नाणं. साध्या थर्मामीटरमधला पारा त्या आचेला केव्हाच उकळून जातो.

प्रिन्सेपने दोन मार्ग काढले आणि १८२८ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याच वर्षी तो सोसायटीचा फेलो झाला. पहिला मार्ग मिश्रधातूंचा. चांदी-सोनं आणि सोनं-प्लॅटिनम यांची वेगवेगळ्या प्रमाणातली मिश्रणं करायची. प्रत्येकाचा वितळणबिंदू थोडा थोडा वर. टाचणीच्या डोक्याएवढे तुकडे ओळीने भट्टीत ठेवायचे. थंड झाल्यावर पाहायचं, कोणता तुकडा वितळला आणि कोणता तसाच राहिला. ताप त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी गेला होता. दुसरा मार्ग हवेचा. सोन्याचा पोकळ गोळा, आत हवा. गोळा तापला की हवा फुगते, आणि ती किती फुगली यावरून ताप काढायचा. पहिला मार्ग स्वस्त आणि सोपा, पण तो उत्तर घडून गेल्यावर देतो. दुसरा महाग आणि नाजूक, पण आत्ता काय चाललंय ते दाखवतो.

मंडळी, गाडीतला लाल दिवा आणि गाडीतली सुई यांच्यात नेमका हाच फरक आहे. दिवा म्हणजे वितळलेला तुकडा. सुई म्हणजे फुगणारी हवा.

नदीला सुई असते

हाच फरक बनारसमध्ये दर पावसाळ्यात दिसतो. केंद्रीय जल आयोग राजघाटाला गंगेची पातळी मोजतो. इशारा पातळी ७०.२६२ मीटर, धोका पातळी ७१.२६२ मीटर. आजवरची सर्वांत मोठी नोंद ७३.९०१ मीटर, ९ सप्टेंबर १९७८ ची. पण पाणी चढायला लागलं की घाटावर विचारतात ते वेगळंच : तासाला किती चढतंय? पातळी धोक्याच्या खूप खाली असेल आणि पाणी तासाला चार-पाच सेंटिमीटरने चढत असेल, तर मल्लाह नावा वर ओढायला लागतात, पंडे आपल्या चौक्या आणि छत्र्या हलवतात. पातळी जास्त असूनही स्थिर असेल तर चहा पीत बसतात. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे तिथल्या पोरासोरांना पाठ असतं, पण रात्री झोपण्यापूर्वी माणूस विचारतो, ‘तासात किती इंच वाढलं?’

धोक्याच्या पातळीला फक्त एक लाल दिवा लावून ठेवला असता आणि त्याआधीचं काहीच कळलं नसतं, तर या शहरांचं काय झालं असतं याचा विचार करा. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत आज तशीच सोय आहे.

सुई आली कशी, गेली कशी

गाडीच्या सुरुवातीच्या काळात कारखान्यातून ताप मोजायला काहीच येत नसे. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, पहिल्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी आपोआप वर आणि थंड पाणी खाली, एवढ्यावर काम चालायचं. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस याने रेडिएटरच्या झाकणावर बसणारा थर्मामीटर काढला, बॉइस मोटोमीटर. बॉनेटच्या टोकावर गोल काच, आत लाल रेघ चढते-उतरते, आणि ड्रायव्हरला ती आपल्या जागेवरून दिसते. म्हणजे तापमापक पहिल्यांदा लोकांपर्यंत पोचला तो बाहेरून विकत घेऊन बसवायची वस्तू म्हणूनच. डॅशबोर्डवर तो नंतर आला.

डॅशबोर्डवर आणायला जुनी युक्ती कामाला आली. पॅरिसच्या यूजीन बूर्दों याने १८४९ मध्ये वाफेचा दाब मोजायला चपटी, वाकवलेली नळी वापरली होती. आत दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते आणि टोकाला जोडलेली सुई फिरते. इंजिनाच्या पाण्यात एक छोटा बल्ब, त्यात लवकर वाफ होणारं द्रव, तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी डॅशबोर्डपर्यंत, आणि तिथे बूर्दोंची नळी. वीज लागत नाही, बॅटरी उतरली तरी सुई खरं बोलते. पुढे विजेवरचे सेंडर आले : ताप वाढला की त्यांचा रोध कमी होतो, आणि त्यावर सुई चालते.

फौजेतली जुनी पिढी याच सुयांवर वाढली. विलीज जीपच्या फलकावर वेग, पेट्रोल, ऑइलचा दाब, पाण्याचा ताप आणि अँपिअर अशी पाच घड्याळं होती. हीच जीप महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडायला घेतली. जबलपूरला १९५९ पासून शक्तिमान ट्रक निघू लागले, १९६९ पासून जोंगा. ड्रायव्हिंग शिकताना उस्तादाने पहिली सवय लावली ती नजर फिरवण्याची : रस्ता, आरसा, घड्याळं, पुन्हा रस्ता. फर्स्ट परेडला पाणी-तेल बघायचं, हॉल्ट परेडला टायर, गळती आणि ताप बघायचा, लास्ट परेडला जे सापडलं ते लिहून द्यायचं. चढणीवर कॉन्व्हॉय असताना मागच्या ट्रकवाल्याने हात दाखवून गाडी बाजूला घेतली तर कोणी त्याला हसत नसे. सुई वर गेली म्हणून थांबलेली गाडी अर्ध्या तासात पुन्हा चालते. न थांबलेली गाडी टो करून आणावी लागते.

मग नागरी गाड्यांतली सुई गेली का? कारणं सरळ आहेत. इंजिनाचा कॉम्प्युटर आला, पंखा विजेवर आला, इंजिनं जास्त भरवशाची झाली. सुई जराशी हलली की ग्राहक सर्व्हिस सेंटरला यायचे आणि गाडीत काही निघायचं नाही. म्हणून आधी सुई आळशी केली : बऱ्याच गाड्यांत ती साधारण ऐंशीपासून शंभराच्या पुढेपर्यंत मधोमध चिकटून राहते. मग काही गाड्यांतून ती काढूनच टाकली. थंडला निळा दिवा, गरमला लाल दिवा. खर्चही वाचला. लाल दिवा बऱ्याच गाड्यांत ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास लागतो, गाडीगणिक फरक असतो. तेवढ्या तापाला अॅल्युमिनियमचं हेड वाकायला लागलेलं असू शकतं. हेड गॅस्केट गेलं की पाणी ऑइलमध्ये, ऑइल पाण्यात, आणि डिपस्टिकवर दुधाळ चहा.

आमच्या इथल्या पोरांना हे का सांगतोय? पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७ इथूनच सुरू व्हायचा. वाराणसी ते कन्याकुमारी, देशातला सगळ्यात लांब. मिर्झापूर, रीवा, जबलपूर, नागपूर. भोसल्यांच्या घाटावरून भोसल्यांच्या गावी नेणारा रस्ता. सुट्टी मिळाली की विदर्भातली पोरं सेकंडहँड गाडीत बायकापोरांना घालून, टपावर सामान बांधून याच रस्त्याने निघतात, आणि शाळांना सुट्टी असते ती मे महिन्यात. मिर्झापूर सोडल्यावर ड्रमंडगंजची घाटी लागते. काशीचा घाट उतरायचा असतो, हा चढायचा. बाहेर पंचेचाळीस अंश, एसी चालू, पुढे रांगणारा ट्रक. एका सहकाऱ्याची गाडी तिथेच गेली. लाल दिवा लागला तेव्हा तो ओव्हरटेकच्या मधोमध होता, थांबायला जागा मिळेपर्यंत इंजिन जाम. बरोबर सहा महिन्यांचं बाळ होतं. एका ढाबेवाल्याने सावली दिली म्हणून निभावलं. गॅरेजने हेड काढल्यावर कळलं, रेडिएटर निम्मा चोंदलेला होता. तो काही त्या दिवशी चोंदला नव्हता. गाडीत सुई असती तर महिनाभर आधीपासून ती रोज थोडी थोडी वर दिसली असती.

बसवायची कशी

गाडी वॉरंटीत असेल तर काही कापू नका. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असतं. त्यात लावायचा छोटा डिस्प्ले इंजिनाच्या स्वतःच्या सेन्सरचा आकडा दाखवतो. कॉम्प्युटर तो आकडा चाळीस मिळवून पाठवतो, डिस्प्ले चाळीस वजा करून दाखवतो, त्यामुळे शून्याखालचं तापमानही येतं. सियाचीनच्या बेसला नेलीत तरी चालेल.

जुन्या गाडीला वेगळा गेज आणि वेगळा सेंडर लावा. क्रम असा :

आधी सेंडर आणि गेज जोडून, गाडीबाहेरच, बॅटरीवर तपासा. सेंडरच्या धातूच्या अंगाला अर्थ द्या आणि त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरा. वाराणसी समुद्रसपाटीपासून जेमतेम ऐंशी मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी जवळजवळ शंभरालाच उकळतं. लेहला हीच परीक्षा घेतलीत तर सुई अठ्ठ्याऐंशीच्या आसपास थांबेल, आणि तो गेजचा दोष नसेल. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी, हे लक्षात ठेवा.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर थोडा रिकामा करा. इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जाणारा जाड होज पाइप असतो. तो कापून मध्ये धातूचा अॅडॅप्टर बसवायचा, दोन्ही बाजूंना क्लिप. पाइपाचा आतला व्यास मोजूनच अॅडॅप्टर घ्या. सेंडरचा आटा बहुधा एक अष्टमांश इंच एनपीटीचा असतो, पण आणलेल्या सेटवर पाहून खात्री करा. इंजिनाच्या हेडमध्येच बुच असलेलं मोकळं भोक मिळालं तर ती जागा अधिक चांगली. कारण थर्मोस्टॅट बंद असताना होजमध्ये गरम पाणी येतच नाही, आणि तोवर होजमधला सेंडर इंजिनापेक्षा कमी दाखवतो.

बरेच जण अडकतात ते अर्थला. एका वायरचा सेंडर आपल्या अंगातून अर्थ घेतो. अॅडॅप्टर दोन्हीकडून रबरात आहे, म्हणजे त्याला अर्थच नाही. अॅडॅप्टरच्या स्क्रूवरून एक वायर थेट बॉडीला द्या. सेंडरच्या आट्यावर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नका, त्यानेही अर्थ तुटतो. गेजला वीज इग्निशननंतरच्या वायरीतून, मध्ये फ्यूज घालून. गेजचा दिवा पार्किंग लाइटवरून. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रॉमेट लावा. एअरबॅगच्या वायरिंगच्या वाटेला जाऊ नका.

शेवटी हवा काढणं. कूलंट भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, हीटर पूर्ण गरमवर, होज हाताने दाबत राहा. बुडबुडे थांबले की पातळी पूर्ण करून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा पातळी बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. पंधरा पौंडांच्या झाकणाखाली पाणी समुद्रसपाटीला १२० अंशांपर्यंत उकळायचं थांबतं. झाकण उघडलं की ते सगळं एकाच क्षणी उकळतं, तुमच्या तोंडावर.

वाचायची कशी

पहिले पंधरा दिवस फक्त बघा. रिकामा रस्ता, बाजारातली गर्दी, एसी चालू, एसी बंद : प्रत्येक वेळी सुई कुठे असते ते वहीत लिहा. ती तुमच्या गाडीची इशारा पातळी. कुठल्याही पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ती जास्त उपयोगाची.

मग फरक बोलायला लागतात. सकाळी गाडी गरम व्हायला फार वेळ घेते : थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. गर्दीत सुई चढते आणि चालायला लागलं की उतरते : पंखा किंवा त्याचा रिले. गर्दीत ठीक आणि महामार्गावर चढते : रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही किंवा पंप थकलाय. आणि सर्वांत फसवी खूण : गरम इंजिनावर सुई एकदम खाली आली. जीव भांड्यात पडू देऊ नका. पाणी गेलेलं असू शकतं आणि सेंडर हवेत लोंबतोय. सुई पाण्याचा ताप सांगते, पाणीच नसेल तर ती काय सांगणार? तिथे लगेच थांबायचं आणि इंजिन बंद.

सुई नुसती हळूहळू चढत असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण, काचा खाली, वेग कमी. सावली बघून थांबा. पाणी जागेवर असेल आणि पंखा फिरत असेल तर दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवा, फिरतं पाणी आतला ताप बाहेर काढतं. मग बंद करा आणि अर्धा तास वाट पाहा.

नवीन गाडी घेतली की इथली मंडळी देवीला नारळ फोडतात, आमच्या युनिटमधलीही. जरूर फोडा. पण सुट्टीवर निघायच्या आधल्या रविवारी बॉनेट उघडा, आणि वर्कशॉपमधल्या कोणाला तरी हाताशी घेऊन दोन तास द्या. जबलपूरला पोचेपर्यंत तुमच्या गाडीचं रोजचं पाणी कुठे असतं ते तुम्हाला पाठ झालेलं असेल.